अनंताखालची पांढरी खडी

गल्लीत त्याला सगळे आरसा म्हणायचे. दिसायला तो काही आरशासारखा नव्हता. उलट संध्याकाळी कामावरून यायचा तेव्हा भुवयांपासून चपलांपर्यंत पांढऱ्या भुकटीने माखलेला असायचा, आणि ओळखीचं कुत्रंसुद्धा आधी भुंकून मग शेपूट हलवायचं. नाव पडलं ते कामावरून. तो संगमरवरी फरशांना पॉलिश करायचा, आणि त्याचं मशीन फिरून गेलं की फरशीत छताचा पंखा पात्यांसकट दिसायचा. त्याच्या स्वतःच्या घरात मात्र साधी सिमेंटची जमीन होती, तीही दाराजवळ उखडलेली. बायको म्हणायची, "जगाला आरसे आणि आम्हाला खड्डे." तो म्हणायचा, "बघू." हे 'बघू' लग्नाच्या पहिल्या वर्षापासून चालू होतं.

माणूस कामात चोख, घरात बिनत्रासाचा. मशीनच्या घरघरीने कान मंद झाले होते, त्यामुळे तो साधं "पाणी दे" म्हणाला तरी शेजाऱ्यांना भांडण झाल्यासारखं वाटायचं. जेवणाबद्दल त्याची कधीच तक्रार नसे. भाजी करपली तर ते त्याला ताट समोर आल्यावर, काळं दिसल्यावर कळायचं, आणि तेव्हाही तो मुकाट्याने खायचा. बायकोला वाटायचं, स्वभाव गरीब आहे.

तो बायकोसाठी आपणहून काही आणणाऱ्यातला नव्हता. साडी घे म्हणायचा, पैसे ठेवायचा, पण दुकानात जाऊन काही निवडून आणणं त्याच्या अंगातच नव्हतं. ती शाळेचे गणवेश शिवायची. तिचं शिलाई मशीन खिडकीशी होतं, आणि खिडकीबाहेर भिंतीलगत हातभर रुंदीची मातीची पट्टी होती. त्या पट्टीत तिचं अनंताचं झाड होतं.

अनंत म्हणजे तिचं उरलेलं सगळं माहेर. आई गेली, भावाने घर विकलं, आणि नव्या मालकाने अंगण सपाट करून गाड्या लावायची सोय केली. घर विकायच्या आधी ती जाऊन आईच्या झाडाची फांदी कापून आली, तेलाच्या डब्यात रुजवली आणि मग खिडकीखाली लावली. तिची आई त्याच झाडाखाली खुर्ची टाकून दुपारभर बसायची. इथे पहिलं फूल आलं तेव्हा तिने ते नवऱ्याच्या नाकाशी धरलं. त्याने डोळे मिटून श्वास घेतला आणि म्हणाला, "छान आहे." ती फूल हातात धरून बराच वेळ रडली. त्याला काय करावं सुचेना, म्हणून तो उठून बाहेर गेला.

पुढच्या आठवड्यात त्याने एका मोठ्या घराच्या कामावरून संगमरवराचे उरलेले तुकडे आणले, अंगणात बसून हातोड्याने फोडले, एकेक खडा ब्रशने घासून धुतला आणि गुडघे टेकून झाडाभोवती पांढरंशुभ्र आळं मांडलं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी मागितलं नव्हतं. बायकोने ते आळं सगळ्या गल्लीला दाखवलं. दोन घरं सोडून राहणाऱ्या जाऊबाईंना तर दोनदा दाखवलं, कारण पहिल्या वेळी त्या पुरेशा जळल्या नाहीत असं तिला वाटलं. नवरा तेव्हा आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचत असल्याचं दाखवत होता. मग दरवर्षी जुनी खडी मळली की तो वर नवा थर टाकायचा.

आणि मग झाड पिवळं पडायला लागलं.

तेही विचित्र तऱ्हेने. खालची जुनी पानं हिरवीगार राहिली आणि शेंड्याची कोवळी पानं पिवळी येऊ लागली. पान पिवळं, पण शिरा हिरव्या, जणू कोणी पेनाने आखल्यात. जाऊबाई म्हणाल्या, पाणी कमी पडतंय. हिने सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. जाऊबाई म्हणाल्या, गंजके खिळे पुर मुळाशी, रक्त कमी झालंय झाडाचं. हिने घरातले गंजके खिळे पुरले. मग डॉक्टरने हिलाच दिलेल्या लोहाच्या गोळ्या होत्या, त्यातली एक स्वतः घ्यायची आणि एक कुस्करून झाडाला घालायची, असं सुरू झालं. हिच्या तोंडावर थोडी लाली आली. झाडाच्या आली नाही.

शेवटी ती पिवळं पान रुमालात घेऊन नर्सरीत गेली. नर्सरीवाल्या बाई जाडजूड, तोंडाने फटकळ, पण झाडाच्या बाबतीत मऊ. त्यांनी पान उन्हात धरलं आणि विचारलं, "मातीवर काय पसरलंय?"

"संगमरवराची खडी. आणि मुळाशी गंजके खिळेही पुरलेत."

"अहो, मग काय होणार? आपल्याकडची माती आधीच चुनखडीची, नळाचं पाणी क्षारांचं, आणि त्यावर तुम्ही चुन्याचाच दगड ठेवलात. लोह मातीत आहे, भरपूर आहे. पण असल्या मातीत ते कुलूपबंद होऊन बसतं. मुळांना शोषता येत नाही. तुम्ही खिळ्यांचं अख्खं दुकान पुरलंत तरी तेच." त्यांनी हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, दिलं. "हे चमचाभर लिटरभर पाण्यात विरघळवून ऊन उतरल्यावर पानांवर फवारा. तात्पुरतं बरं वाटेल. पण खरं औषध एकच. ती खडी काढा."

ती घरी आली. खिडकीतून बाहेर पाहिलं. पांढरं आळं दुपारच्या उन्हात चमकत होतं. तिने हिराकस कपाटात ठेवलं आणि खडीबद्दल कोणाजवळ चकार शब्द काढला नाही.

ती रोज फवारायला लागली. जिथे थेंब पडले तिथे तिथे पान हिरवं झालं, बाकी पिवळंच राहिलं. झाड आजारी होतं ते आता आजारी आणि ठिपक्याठिपक्यांचं दिसू लागलं. आंबटाने चुना मरतो असं कुठेतरी ऐकून तिने पाण्यात व्हिनेगर घालून मुळाशी ओतून पाहिलं. खडीवर बारीक फेस आला, फसफसलं आणि थांबलं. झाडावर काही फरक नाही.

फरक पडला तो खडीवर. हिराकसाचे थेंब सुकले आणि पांढऱ्या दगडांवर तांबूस डाग उमटले. रविवारी नवऱ्याने ते पाहिले आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. गंजाचा डाग म्हणजे त्याच्या धंद्यातला सगळ्यात चिवट वैरी. बायको हिराकस फवारते हे त्याला ठाऊक होतं. झाडाच्या औषधाला तो नाही म्हणणारा नव्हता. पण दगडाची ही दशा त्याला बघवेना. त्याने डागाळलेले खडे उलटे करून पाहिले, घासून पाहिले, आणि शेवटी हात टेकले. पुढच्या रविवारी तो नवंकोरं पोतं घेऊन आला आणि जुन्या खडीवर बोटभर जाडीचा नवा थर पसरला.

"बघ," तो मागे सरकून म्हणाला. "आता कसं दिसतंय?"

बायको खिडकीत उभी होती. "छान दिसतंय," ती म्हणाली, आणि मशीनवर बसून एका गणवेशाची बाही उलटी शिवली.

महिन्याभरात नवी पानं पिवळीसुद्धा येईनाशी झाली. ती कागदासारखी पांढरट यायची, कडेने करपायची आणि गळायची. कळ्या धरत, वाटाण्याएवढ्या होत आणि टपकन पडत. बायको पहाटे उठून पडलेल्या कळ्या वेचायची, म्हणजे त्या नवऱ्याला दिसू नयेत.

त्याच सुमारास आरसा एका घरी स्वयंपाकघराच्या ओट्याचं काम पाहायला गेला. पांढऱ्या दगडाचा नवा ओटा, आणि त्यावर कापलेलं लिंबू कोणी रात्रभर ठेवलेलं. दगडावर रुपयाएवढं खरबरीत वर्तुळ पडलं होतं. घरातल्या बाई काळजीत होत्या. आरशाने आपलं ठरलेलं भाषण सुरू केलं. हे भाषण त्याने इतक्या घरांत दिलं होतं की झोपेतही देऊ शकला असता.

"लिंबू, व्हिनेगर, दही. आंबट काहीही दगडावर ठेवायचं नाही. दगड त्याला खातो आणि स्वतःही झिजतो."

"पण मग ते खाली झिरपलं असेल का हो?" बाईंनी विचारलं. "खालची फळी खराब होईल का?"

"खाली कशाला जातंय? आंबट दगडापाशीच संपतं. खाली थेंबभरही पोचत नाही. दगड आहे तोवर खालच्याला काही..."

तो थांबला. हातातला कपडा तसाच धरून ओट्याकडे बघत उभा राहिला. त्याला खडीवरचा फेस आठवला. व्हिनेगर ओतताना बायकोला त्याने पाहिलं होतं आणि मनात म्हटलं होतं, वेडी आहे, दगड खराब होईल. म्हणजे झाडासाठी ओतलेलं ते औषध दगडानेच खाल्लं होतं, आणि दगडाखालच्या मातीचा विचार त्याने केलाच नव्हता.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. उद्या मशीन घेऊन येतो," तो म्हणाला आणि तडक निघाला.

वाटेत नर्सरी होती. तो आत शिरला आणि आपल्या नेहमीच्या आवाजात विचारलं, "अनंताभोवती संगमरवर टाकला तर झाड मरतं का?"

नर्सरीवाल्या बाई दचकल्या. मग त्यांनी त्याच्या पांढऱ्या भुवयांकडे पाहिलं. "रुमालात पिवळं पान घेऊन आलेल्या त्या ताई तुमच्या घरच्या का? अहो, मी तर त्यांना पहिल्या दिवशीच सांगितलं होतं खडी काढा म्हणून. अजून काढली नाहीत?"

 बाईंनी एक पुडी पुढे केली. त्यात काळपट लाल भुकटी होती. "हे लोह वेगळं असतं, असल्या मातीतही मुळांना मिळतं. खडी काढा, वरची पांढरी झालेली माती खरवडा, पालापाचोळ्याचं खत घाला, आणि मग हे पाण्यातून द्या. पाणी मात्र उगाच बदाबदा ओतू नका, मुळं गुदमरतात. आणि पिवळं पान हिरवं होईल म्हणून वाट बघू नका. नवीन पान कसं येतं ते बघा."

तो घरी आला तेव्हा बायको सुईत दोरा ओवत होती. त्याने पुडी मशीनवर ठेवली.

"तुला माहीत होतं?"

"काय?"

"खडीचं."

तिने दोरा दाताने तोडला. "हो."

"मी वर आणखी एक पोतं ओतलं, तेव्हाही?"

"तेव्हाही."

"अगं, तुझ्या आईचं झाड आहे ते. मरायला टेकलंय. तोंड उघडायला काय झालं होतं?"

"तुम्ही मला न मागता काय काय आणलंत आजवर? सांगा आठवून."

त्याने खरंच आठवून पाहिलं. त्याला बराच वेळ लागला, आणि हाती काही आलं नाही.

"ती खडीच," ती म्हणाली. "तेवढीच. गुडघे दुखत असताना एकेक खडा धुऊन मांडलात. मी सगळ्या गल्लीला दाखवली. आता कोणत्या तोंडाने सांगणार होते, की त्यानेच झाड मरतंय म्हणून? एकीकडे आई, एकीकडे तुम्ही. मला ठरवता येईना. म्हणून फवारत बसले."

त्याला रागावायचं होतं, वाटेत त्याने दोन वाक्यंही जुळवली होती. पण त्याला नुसतं वाईट वाटलं, आणि आपण या बाईला किती थोड्यावर समाधानी राहायला लावलं, याची लाज वाटली.

"यापुढे असं करायचं नाही," तो म्हणाला. "जे असेल ते सांगायचं. मला कमी ऐकू येतं, तर ओरडून सांग."

"आणि तुम्ही?"

"मी काय लपवणार आहे?" असं म्हणून तो घाईने फावडं शोधायला गेला.

सगळी खडी निघायला दोन रविवार गेले. खाली माती पिठासारखी पांढरी झाली होती, ती त्याने बोटांनी मुळं जपत खरवडली. खडी फेकायला मात्र बायकोने साफ नकार दिला. ती फाटकापासून दारापर्यंतच्या वाटेवर पसरली गेली, आणि दाराजवळच्या उखडलेल्या जमिनीतही थोडी सिमेंटबरोबर गेली. अशा रीतीने ते जुनं 'बघू'ही एकदाचं निकालात निघालं. लाल पाणी मुळाशी गेलं. बरेच दिवस काहीच झालं नाही. मग एका शेंड्याला तांबूस कोंब फुटला, आणि त्याचं पान उलगडलं ते हिरवं उलगडलं. शिरांपासून कडांपर्यंत हिरवं. बायकोने त्याला हाक मारली, तेव्हा तो अंगाला साबण लावलेला तसाच टॉवेल गुंडाळून बाहेर आला.

पुढच्या हंगामात कळ्या टिकल्या. पहिलं फूल उमललं त्या सकाळी तिने ते तोडलं नाही. त्यालाच झाडापाशी नेलं आणि फांदी वाकवून धरली.

"घ्या वास."

तो वाकला. डोळे मिटले, श्वास घेतला. "छान आहे" हे शब्द सवयीने जिभेवर आले होते. त्याने ते गिळले.

"येत नाही," तो म्हणाला.

"काय येत नाही?"

"वास. बरीच वर्षं झाली. भुकटीने नाक गेलं. कशाचाच येत नाही."

तिने फांदी सोडली नाही. तिला सगळ्या करपलेल्या भाज्या आठवल्या. आणि ते पहिलं फूल.

"मग दर वेळी छान आहे म्हणायचात ते?"

"तुझ्या तोंडाकडे बघून म्हणायचो."

 मग तिने पदराने डोळे पुसले.

"आता सांग तरी," तो म्हणाला. "असतो कसा?"

तिने फुलात नाक घातलं आणि विचार करून सांगायला सुरुवात केली. गोड असतो, पण साखरेसारखा नाही, आधी जरा थंड लागतो, आणि आईच्या केसांना दुपारी असाच यायचा. त्याला नीट ऐकू जावं म्हणून ती मोठ्याने सांगत होती, आणि दोन घरं पलीकडे जाऊबाई हातातलं काम ठेवून ऐकत उभ्या राहिल्या.