चुकलेल्या टोलाची नोंद

म्युनिसिपालिटीची कचेरी नव्या इमारतीत गेली त्याला आता वर्ष होईल. जुनी कचेरी कुलूप लावून पडून आहे. काळ्या दगडाच्या चार खोल्या, पुढे सोपा, आणि सोप्याच्या तुळईला टांगलेली पितळेची जाड थाळी. थाळी तिथेच राहिली, कारण नव्या कचेरीत भिंतीवर आपोआप वाजणारे घड्याळ आहे. त्या थाळीवर एकोणीस वर्षे लाकडी मोगरीने टोल देणारा बिरप्पा गेल्या महिन्यात वारला. त्याला एक गोष्ट लिहून ठेवलेली हवी होती. ती राहून गेली. त्यात माझाही भाग आहे, म्हणून मी लिहिते.

बिरप्पा जातीने धनगर. गावापासून चार कोसांवर माळाला त्याची वस्ती होती. अठरा सालच्या दुष्काळात मेंढरे गेली, तेव्हा बायको राजाबाई आणि कडेवरची मायाक्का यांना घेऊन तो गावात आला. कचेरीत टोल देणारा म्हातारा शिपाई दम्याने बेजार झाला होता. त्याने विचारले, "वेळ कळती का रे तुला?"

"सावली बघून सांगतो. घड्याळातलं आकडं तेवढं येत न्हाईत."

"मेंढरं हाकल्यागत टोल देशील."

"मेंढरं हाकायला बी वेळ कळावी लागती की."

म्हाताऱ्याने त्याला काट्यांच्या जागा ओळखायला शिकवल्या. आकडे तो अखेरपर्यंत शिकला नाही. टोल मोजायला त्याने आपली वस्तीवरची रीत आणली. सोप्यातल्या कोनाड्यात बारा खडे ठेवले. एक टोल दिला की एक खडा डावीकडून उजवीकडे. मेंढरे मोजताना हेच करायचे. कोणी हसले तर म्हणायचा, "नऊ झालं का धा, म्हणून माणसं भांडत्यात. खडा भांडत न्हाई."

गावात घड्याळे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. शाळा, दवाखाना, रस्त्यावरचे दिवे, सगळे बिरप्पाच्या टोलावर चाले. माझे यजमान तेव्हा कचेरीत हेडक्लार्क होते आणि आम्ही कचेरीच्या मागच्याच घरात राहत होतो. मी पुण्याचे कॉलेज सोडून इथे आले तेव्हा पहिले काही दिवस त्या टोलांनी मला एकटे वाटायचे. मग सवय झाली. माझ्या घरी भिंतीवर घड्याळ होते, पण ते वरचेवर मागे पडे. मी ते बिरप्पाच्या टोलाला लावून घेत असे.

सव्वीस सालच्या पौषात गावातल्या मुलांना छातीच्या तापाची साथ आली. आमचा भालू पाच वर्षांचा होता, मायाक्का आठ वर्षांची. दोघेही एकाच आठवड्यात अंथरुणाला खिळली. म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी शनिवारी संध्याकाळी दोघांनाही एकाच औषधाच्या बाटल्या दिल्या. बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली, तिच्यावर बारा खुणा. उद्या सकाळपासून दर तासाला एका खुणेइतके औषध द्यायचे. डॉक्टरांना रविवारी शेजारच्या गावी जायचे होते. संध्याकाळी सातला परत येऊन ते मुलांना पाहणार होते आणि पुढचे औषध देणार होते.

राजाबाईला ते नीट कळले नाही. बाटली पदराखाली धरून ती माझ्या दारात आली. "वैनी, तास म्हंजी किती वेळ धरायचा?"

मी म्हटले, "तुझ्या नवऱ्याचा टोल ऐकू आला की एक खूण द्यायची. बाकी काही मोजू नको."

हे मीच सांगितले होते.

रविवारी कचेरी बंद. दुसरा शिपाई रजेवर, आणि माझे यजमान कामासाठी सोलापूरला गेलेले. टोल द्यायला एकटा बिरप्पा. मी त्याला म्हटले, "घरी जाऊन पोरीजवळ बस. आजचा दिवस हुसेनसाब देईल टोल." हुसेनसाब म्हणजे रस्त्यावरचे दिवे लावणारा.

बिरप्पा म्हणाला, "त्यो इसरला तर औषीद चुकंल की वैनी. म्या हितं हाय तवर चुकायचं न्हाई."

सातच्या टोलाला राजाबाईने मायाक्काला पहिली खूण दिली. भालू रात्रभर तळमळून पहाटे झोपला होता, म्हणून त्याला मी नवाच्या टोलापासून सुरुवात केली. दहाच्या टोलानंतर राजाबाईच्या शेजारची पोर पळत कचेरीच्या सोप्यात आली आणि बिरप्पाला म्हणाली, "मायाक्का उटून बसली. पेज प्याली." मी कचेरीच्या कोपऱ्याशी येऊन पाहत होते. बिरप्पाने डोक्याचे पागोटे काढून मांडीवर ठेवले. औषध लागू पडले होते. चार खुणांत पोर उठून बसली होती.

त्यानंतर अकरा टोल पडले. माझ्या घड्याळात पावणेअकरा झाले होते. घड्याळ पुन्हा मागे पडले असे समजून मी काटा पुढे केला आणि भालूला औषध दिले. बाराच्या टोलाला पुन्हा तेच. मी पुन्हा काटा पुढे केला. भालूला वारा लागू नये म्हणून खिडक्या लावून अंधाऱ्या खोलीत बसले होते. ऊन कुठवर आले ते मला दिसत नव्हते. दोनाच्या टोलाला मी घड्याळ बंदच करून ठेवले. बिघडलेल्या घड्याळापेक्षा टोल बरा, असे वाटले.

बाहेर मात्र ऊन होते. सहा टोल पडले तेव्हा हुसेनसाब शिडी खांद्यावर घेऊन निघाला आणि पेठेतला पहिला दिवा लावला. लोक ओट्यांवर येऊन हसू लागले.

"हुसेनसाब, सूर्य दिसंना झालाय व्हय? चष्मा घ्या."

"म्युन्शिपाल्टीनं सहाचे टोल दिले. मी टोलाचा नोकर, सूर्याचा नाही."

"मग सूर्याला नोटीस काढा की."

तीन दिवे लावल्यावर त्याचे त्यालाच चमत्कारिक वाटले. तो शिडी घेऊनच कचेरीत आला आणि खिडकीच्या गजांतून आतल्या घड्याळाकडे पाहिले. मग बिरप्पाला म्हणाला, "अरे, चार वाजलेत. काय केलंस हे?"

बिरप्पा म्हणाला, "पोर बरी व्हतीया. वाईच लवकर लवकर दिलं."

दहाच्या टोलानंतर तो दर तासातला पाव तास काढून टाकत होता. औषध लवकर पोटात गेले तर पोर लवकर बरी होईल, इतकेच त्याच्या मनात होते. बाटली संपेल, आणि डॉक्टर खऱ्या सातला येतील, हे त्याच्या ध्यानात आले नव्हते. हुसेनसाब त्याला काही बोलणार तेवढ्यात राजाबाई सोप्याच्या पायरीशी आली. तिच्या हातात रिकामी बाटली होती.

"सपली. आणि पोर पुन्हा धापा टाकतीया."

दवाखान्याला कुलूप होते. बिरप्पा माझ्या दारात आला. आत आला नाही, उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, "वैनी, भालूबाळाच्या बाटलीत काय हाय का?"

मी खिडकी उघडून बाटली उजेडात धरली. दोन खुणा उरल्या होत्या. भालूची छाती वरखाली होत होती. डॉक्टर यायला तीन तास होते. मी किती वेळ तशी उभी होते ते मला सांगता येत नाही. वाटीत मी एक खूण ओतली. एकच. बिरप्पाने वाटीवर तळहात झाकला, मला वाकून नमस्कार केला आणि गेला.

डॉक्टर आले तेव्हा मायाक्का गेलेली होती.

ते मला आणि राजाबाईला दोघींनाही म्हणाले की ते औषध कफ सुटण्यापुरते होते, त्याने मरण टळले नसते. तसे असेलही. भालू वाचला. तो आता सोलापूरला बोर्डिंगात आहे. थंडीत त्याचे पत्र यायला दोन दिवस उशीर झाला की मी डॉक्टरांचे ते वाक्य आठवून पाहते.

सोमवारी बिरप्पा कचेरीत वेळेवर आला. टोल का चुकले याचा जाब कमिटीने विचारला, त्याने खरे ते सांगितले. कमिटीने प्रकरण तिथेच मिटवले. मग तो माझ्या यजमानांच्या टेबलापाशी आला, कारण जन्ममृत्यूचे रजिस्टर त्यांच्याकडे असे. त्यांनी नाव लिहिले, वय लिहिले. मरणाच्या कारणापाशी आले.

"ताप लिवू नका साहेब," बिरप्पा म्हणाला. "टोल चुकला असं लिवा."

त्यांनी त्याच्याकडे पाहिले, मान हलवली आणि लिहिले. बिरप्पाला वाचता येत नव्हते. त्याने त्या ओळीला हात जोडले आणि थाळीकडे गेला.

पुढची अकरा वर्षे त्याचा टोल एकदाही पुढेमागे झाला नाही. टोल देण्याआधी तो घड्याळ पाही आणि दिल्यावर पुन्हा जाऊन पाही. राजाबाई भांडी घासत असो की दळत असो, टोल सुरू झाला की तिचे हात थांबत. संपला की पुन्हा चालू. त्या दोघांना या गोष्टीवर बोलताना मी कधी ऐकले नाही.

गेल्या वर्षी कचेरी हलली. जुनी रजिस्टरे गाडीत भरायला सोप्यावर आणून ठेवली होती. बिरप्पाने मला बोलावणे पाठवले. मी गेले तेव्हा तो सव्वीस सालचे रजिस्टर मांडीवर घेऊन बसला होता. कोणाला तरी विचारून त्याने ते शोधून काढले असावे.

"वैनी, तुमी शिकलेल्या. माझ्या पोरीचं वाचून दावा. एकदा ऐकतो, मग जाऊ द्या गाडी."

मी पान काढले. यजमानांचे अक्षर ओळखीचे होते. मायाक्का बिरप्पा, वय आठ. कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता. मला दुसरे काही वाचता आले असते, त्याला कळले नसते. पण तो माझ्या तोंडाकडे इतक्या भरवशाने पाहत होता की मी होते तेच वाचले.

"ताप."

त्याने त्या ओळीवर बोट ठेवले. "म्हंजी कुटंच लिवल्यालं न्हाई."

"त्यांनी तुझ्या भल्यासाठीच तसं लिहिलं, बिरप्पा. कागदावर आलं असतं तर तुझी नोकरी गेली असती."

"व्हय. साहेब चांगलं मानूस." तो रजिस्टर मिटून म्हणाला, "पर अकरा वर्सं म्या समजत होतो, कागदावर हाय. म्हणून घरी काय बोललो न्हाई." मग कोनाड्यातले खडे त्याने पागोट्याच्या पदरात बांधले. "तुमी लिवा की वैनी. सवडीनं."

मी हो म्हटले आणि लिहिले नाही. त्याची ओळ लिहायची तर त्याखाली आपलीही लिहावी लागेल, हे मला त्याच दिवशी कळले होते. नव्या कचेरीत त्याला काम नव्हते. वर्षभर तो जुन्या सोप्याच्या पायरीवर येऊन बसे. मी दिसले की नमस्कार करी. पुन्हा विचारले मात्र नाही.

आता लिहिते. मायाक्का, बिरप्पा धनगराची मुलगी, वय आठ, सव्वीस सालच्या पौषात रविवारी वारली. टोल चुकला होता. माझ्या बाटलीत दोन खुणा होत्या. मी एक दिली.