फलकावरचा चेहरा

निवृत्तीनंतर बऱ्याच केसेसचे तपशील पुसट झाले. ही एक मात्र तशीच्या तशी आठवते.

ऑगस्टमधली दुपार होती. दोन दिवस पाऊस, त्यात खाडीला भरती. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या चौकांतले इलेक्ट्रॉनिक फलक एकाच नियंत्रण कक्षातून चालत. त्या दिवशी सगळ्यांवर एकच इशारा होता: भुयारी मार्गात पाणी, जाऊ नका. अचानक तो गेला आणि सगळीकडे एका बाईंचा फोटो झळकला. खाली फक्त 'ही महिला दिसल्यास पोलिसांना कळवा'. नाव नाही. अकरा मिनिटांनी इशारा परत आला. तेवढ्या वेळात एक मोटारसायकलवाला भुयारी मार्गातल्या पाण्यात शिरून पाय मोडून बसला होता.

गुन्हा आमच्याकडे दाखल झाला. त्या पाळीला कक्षात तीन ऑपरेटर होते आणि पासवर्ड तिघांचा एकच. तिघांना पोलीस ठाण्यात आणून वेगवेगळं विचारलं. तिघेही "मी नाही" यावर ठाम.

तोवर कल्याणहून एका रिक्षावाल्याचा फोन आला. "साहेब, बोर्डावरच्या मावशी आमच्या स्टँडवर बसल्यात. नाव विचारलं तर नुसत्या हसतात."

त्यांना आणायला गाडी पाठवली आणि तिघांना एकत्र समोर उभं केलं. "ती बाई सापडली," एवढंच म्हणालो. दोघे माझ्याकडे बघत राहिले. तिसरा, साठीला टेकलेला अबोल माणूस, एक पाऊल पुढे आला.

"काही खाल्लंय का तिने?"

ती त्याची बायको होती. तिला काही आठवत नसे. घरात दोघंच.

"मग रीतसर तक्रार का नाही दिली?" मी आवाज चढवला.

"सकाळी आलेलो साहेब, इथेच. संध्याकाळपर्यंत वाट बघा म्हणाले. ती कालपासून गेली होती. मग मी ड्युटीवर गेलो. फलक तिथूनच चालतात ना."

स्टेशन डायरी मागवली. नोंद नव्हती. ठाणे अंमलदार खाली मान घालून उभा राहिला.

त्याच्याविरुद्ध अहवाल पाठवला. ऑपरेटरचं दोषारोपपत्रही मीच पाठवलं. मोडलेला पाय खोटा नव्हता. ऑपरेटरची नोकरी गेली.

समन्स घेऊन त्याच्या घरी शिपाई गेला असता, पण मी स्वतः गेलो. बाईंनी दार उघडलं.

"बसा. हे ड्युटीवर गेलेत, येतील इतक्यात."

तो त्यांच्या मागेच उभा होता, हातात वरणभाताची ताटली.

"हो, येतील," तो म्हणाला. "तोवर तू जेवून घे."

हरवलेल्याची नोंद लगेच घ्यायची, हा नियम मला पाठ होता. मागे उरलेला माणूस मी त्या दारात पहिल्यांदा नीट पाहिला. खाली येऊन जीपमध्ये बसलो. ड्रायव्हरने विचारलं, "कुठे घेऊ साहेब?" "पोलीस ठाण्यात," मी म्हणालो, "आजची स्टेशन डायरी बघायचीय."