सोनाळ्यातली मिस रोजी

धाडच्या बाजारात जानराव वांगी-मेथी घेऊन बसे, तेव्हा हा माणूस गात असेल असं कोणाच्या मनातही आलं नसतं. उंचापुरा गडी, रंग काळा, आणि मिशा अशा की पोलीस पाटलानं आधी त्यालाच रामराम घालावा. आता असा माणूस बाईच्या आवाजात गातो म्हटल्यावर लोक काय म्हणणार? चल हट, म्हणणार. पण गायचा. डोळे मिटून ऐकलं तर शपथेवर सांगावं, पलीकडं विशीतली पोर उभी आहे.

हे आलं कुठून? बापाकडून तर नक्कीच नाही. बापाला बैल हाकतानासुद्धा सूर लागत नसे. आलं ते अन्नपूर्णेकडून. अन्नपूर्णा त्याची थोरली बहीण. आई दिवसभर मळ्यात, म्हणून जानराव अक्काच्या कडेवर वाढला. भादव्यातल्या पुनवेला घरोघरी मातीची भुलाबाई बसायची. तिथून कोजागिरीपर्यंत गल्लीतल्या पोरी रोज संध्याकाळी या अंगणातून त्या अंगणात गाणी म्हणत फिरायच्या. पोरग्यांचं तिथं काय काम? पण कडेवरच्या लेकराला कोण हाकलणार! पुढं तो कडेवरून उतरला, तरी पोरींच्या घोळक्यातून काही बाहेर पडला नाही. गाणी संपली की झाकून आणलेला खाऊ ओळखायचा असे; तेव्हा पोरी चिडवायच्या, "जानाबाई, खाऊ वळख!" तो रडायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

अन्नपूर्णेला जुनी गाणी पुरत नसत. सगळ्यांची गाणी संपली की ही स्वतःची जोडायची. त्यातलं एक जानरावाच्या डोक्यात कायमचं जाऊन बसलं:

तुरीच्या वावरात हरपलं पैंजण,
सांगू नको वाऱ्या माह्या आईले.
एका पायात वाजते, एक पाय मुका,
कशी जाऊ आता घरी मी बाई.

हे तिला कसं सुचलं कोण जाणे. तिच्या पायात पैंजण कधी नव्हतंच.

सतराव्या वर्षी तिचं लग्न झालं. सासर सोनाळ्याचं, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. सासरे शेषराव मोठे जमीनदार, शब्दाला वजन असलेला माणूस. लग्नाच्या मांडवातच त्यांनी सांगून टाकलं, की आमच्या घरच्या बाया चारचौघांत तोंड उघडत नाहीत. वाक्य साधंच होतं, पण अन्नपूर्णेच्या गाण्याचा त्या दिवशी निकाल लागला.

इकडं जानरावाचं उलटंच. मिसरूड फुटलं, आवाज फुटला, पण वरचा तो जुना आवाज काही गेला नाही. दर्ग्याच्या उरुसात कव्वाल यायचे, त्यांच्या पायाशी बसून तो श्वास कसा राखायचा ते शिकला. त्यात त्याला भेटला निवृत्ती. निवृत्ती विहिरीवरच्या मोटारींचं वायंडिंग करायचा. रेडिओची सुई फिरवता फिरवता कुठल्याशा विलायती स्टेशनावर त्यानं इलेक्ट्रिक गिटार ऐकली आणि माणूस कामातून गेला. सागाची फळी तासली, मोटारीतून उरलेली तांब्याची तार लोहचुंबकावर गुंडाळली आणि पठ्ठ्यानं घरीच गिटार केली! मुंबई-पुण्याची पोरं असल्या वाजवण्याला रॉक म्हणत. धाडात त्याला 'निवृत्तीची गिरणी' म्हणत. एक ढोलकीवाला, एक काँगोवाला गोळा झाला आणि त्र्याहत्तरचा दुष्काळ ओसरला त्या साली 'ज्वाला बीट पार्टी' उभी राहिली. गायक अर्थातच जानराव.

मिस रोजीचा जन्म झाला तो अडचणीतून. एका गावचे लोक म्हणाले, "ऑर्केस्ट्रा हाये अन् बाई नाई? मंग काय आयकाव आम्ही?" निवृत्तीला घाम फुटला. जानराव गुपचूप मोठ्या स्पीकरच्या पेटीमागं जाऊन उभा राहिला. निवृत्तीनं ठोकून दिलं, "आता येत आहेत मिस रोजी!" आणि पेटीमागून ते पैंजणाचं गाणं निघालं, खाली निवृत्तीची गिरणी धडधडतेय, वर अन्नपूर्णेची चाल. लोक वेडे झाले. शेवटी जानराव मिशीवर ताव देत पुढं आला, तेव्हा तर टोप्या उडाल्या. तेव्हापासून हेच चाललं. शेवटी मिशी दाखवली नाही तर लोक घरी जात नसत.

'हे आमचं स्वतःचं गाणं' असं माईकवर सांगितलं जायचं. अन्नपूर्णेला कोणी विचारलं नव्हतं. जानरावाला त्यात काही वावगंही वाटलं नाही. बहिणीचं ते आपलंच, अशी त्याची समजूत. भावांची असतेच ती.

तिच्या सासरी मात्र त्यानं यातलं काही कळू दिलं नव्हतं. शेषरावांच्या लेखी तो भाजीपाला करणारा सरळ पोरगा. एकट्या अन्नपूर्णेला भावाच्या गाण्याचं ठाऊक होतं, तेही उडत उडत.

आणि मग सोनाळ्याच्या यात्रेचं बोलावणं आलं. जानरावानं नाही म्हणायला हवं होतं. पण त्याच्या मनात आलं, अक्कानं एकदा ऐकावं. तो निवृत्तीला म्हणाला, "जातो आपण. पण आखरीले मी पुढं येणार नाई. सोयरे ओळखतीन."

"अन् मिशीची मजा?"

"ते जाऊ दे बे. मिस रोजी पेटीमागंच राहीन."

त्यानं काळा चष्मा लावला, बेलबॉटम घातली, गाडीतून उतरल्यापासून कोणाकडं मान वर करून पाहिलं नाही. दिवस मावळता कार्यक्रम सुरू झाला. झाडाला बांधलेला भोंगा अख्ख्या गावावर गाणं ओतत होता. पैंजणाचं गाणं संपलं तेव्हा शिट्ट्यांनी कान फुटायची वेळ आली. "रोजी! बाहेर ये रोजी!" कोणी बाहेर आलं नाही. जानराव पेटीमागं घाम पुसत उभा होता आणि मनात म्हणत होता, चला, निभावलं.

निभावलं कसलं! ज्या बाईला लोकांनी पाहिलं नाही, ती कोण असेल याचा शोध गावानं घेतला. शेषरावांच्या आळीतल्या बाया म्हणाल्या, अव माय, हे गाणं तर आपल्याला माहीत आहे. शेषरावांची सून नवी होती तेव्हा भुलाबाईपुढं हेच म्हणाली होती, सासूनं हाक मारून आत नेलं तोवर. गाणं तेच, आवाजही तोच. आणि सूनबाई त्या वेळी घरात होती का? नव्हती. मंडपाच्या मागल्या अंगाला कोणीतरी तिला पाहिलं होतं. झालं! शेषरावांची सून तोंड लपवून ऑर्केस्ट्रात गायली.

जानरावाला हे कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी, एसटीच्या थांब्यावरच्या हॉटेलात.

"काय गाते बाप्पा शेषरावची सून!" एक म्हातारा बशीतून चहा ओढत म्हणाला. "अख्ख्या तालुक्यात अशी गाणारी नाई."

"गाते त गाते," दुसरा म्हणाला, "पण शेषरावनं तिची कपड्याची पेटी काढून ठेवली अंगणात. दुपारच्या गाडीनं माहेरी लावून देऊन राह्यला."

"अन् लेकरू?"

"लेकरू ठेवून घेतो म्हंते."

जानराव चहा तसाच टाकून उठला. निवृत्ती "काय झालं बे?" म्हणेपर्यंत तो रस्त्याला लागला होता.

शेषरावांच्या अंगणात खरंच पत्र्याची पेटी ठेवली होती. दाराच्या चौकटीला टेकून अन्नपूर्णा उभी, तिच्या पदराआड तीन वर्षांची पोर. सासू गोजरबाई तोंडाला पदर लावून बसलेली. नवरा भगवानराव गोठ्याशी उगाचच दावं सोडत होता आणि बांधत होता.

"ये," शेषराव म्हणाले. "बरं झालं आला. घेऊन जा इले. इचारून इचारून थकलो, एक शब्द बोलत नाई."

"मामा," जानराव शेषरावांना म्हणाला, "ते मी होतो."

"कोण तू होता?"

"ते गाणं. मिस रोजी. ते मी म्हणतो."

शेषरावांचा चेहरा लालबुंद झाला. "येडा समजला काय मले? बहिणीले वाचवाले काहीही सांगतं काय?"

आता गाऊन दाखवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पण जानराव हे गाणं कधी उघड्यावर, उजेडात, समोरच्याच्या डोळ्यांत बघून म्हणालाच नव्हता. पेटीमागं लपायची सवय. त्यात समोर अक्का. पहिल्यांदा घशातून नुसती हवा आली. दुसऱ्यांदा आवाज फाटला. शेजारपाजारचे कुडावरून डोकावत होते. एवढ्या मिशा घेऊन बाईसारखं गायचं आणि तेही बहिणीच्या सासरी! मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. पण अंगणातल्या अक्काच्या पेटीकडं नजर गेली, त्यानं डोळे मिटले आणि सूर लावला.

"तुरीच्या वावरात हरपलं पैंजण..."

गोजरबाईच्या तोंडावरचा पदर गळून पडला. पोरीनं एकदा आईकडं बघितलं, एकदा मामाकडं, आणि खुदकन हसली.

"अव माय!" गोजरबाई म्हणाली. "हे त सूनबाईचंच नरडं!"

शेषरावांनी सगळं गाणं ऐकून घेतलं. मग टोपी काढून कपाळ पुसलं. "म्हंजे आमच्या घरची बाई नव्हती. सुटलो रे बाप्पा." आणि कुडावरच्या लोकांकडं वळून ते मोठ्यानं म्हणाले, "आयकलं ना समद्यांनी? आमची सून गात-बित नाई. इचा भाऊ होता तो. जा आता घरी." मग जानरावाला म्हणाले, "तू कर तुह्या गावात काय तमाशे करायचे ते."

भगवानरावानं एका दमात पेटी उचलून आत नेली. त्या दिवशीचं एवढंच काम त्याच्या खात्यावर.

अन्नपूर्णा चहा घेऊन ओसरीत आली. जानराव सुटल्यासारखा बसला होता. बहिणीचा संसार वाचला, आपली अब्रू गेली तर गेली. त्याला वाटलं अक्का आता रडेल, डोक्यावरून हात फिरवेल.

"अक्का, तू बोलली काऊन नाई? भावाचा आवाज हाये, एवढं सांगून द्यायचं."

"तुही लाज गेली असती ना." ती खाली बसली. मग हळूच म्हणाली, "पण एक सांगू जानबा? सकाळी विहिरीवर गेली त बाया मले शिव्या देऊन राह्यल्या होत्या. अन् शिव्या देता देता म्हणत होत्या, काय गाते पण शेषरावची सून! दोन घडी मले वाटलं, खरंच मीच गायली काल. पेटी अंगणात ठेवली ना मामाजींनी, तरी वाटत होतं. आता सांजपर्यंत गावभर होईन, सून नव्हती, भाऊ होता. गाणं माहं होतं रे. आवाज बी तू माहाच उचलला. अन् आता तेही तुहंच झालं."

ती रागावून बोलली असती तरी बरं झालं असतं. जानरावानं चहा खाली ठेवला. या बाईच्या जिवावर आपण गावोगाव टाळ्या घेतल्या आणि तिच्या वाट्याला आलेल्या एका सकाळच्या टाळ्याही आत्ता स्वतःच्या तोंडानं परत घेतल्या, हे त्याला तेव्हा कळलं. फार उशिरा कळलं, पण कळलं.

महिनाभरानं पार्टी वरवट बकालला गेली. सोनाळ्यापासून जवळच, त्यामुळं मिस रोजीचा किस्सा तिथं आधीच पोचला होता. पुढच्या खुर्च्यांवर आजूबाजूची मोठी माणसं बसवली होती, आणि त्यात शेषरावही होते. जानराव त्यांना बघून मागं सरला नाही. लोक "रोजी, रोजी" करून ओरडायला लागले तेव्हा तो पेटीमागं गेलाच नाही. मिशीसकट माईकपुढं उभा राहिला.

"ते गाणं माहं नाई," तो म्हणाला. निवृत्तीची गिटार जागच्या जागी थांबली. "माह्या बहिणीचं हाये. अन्नपूर्णेचं. तिनं जोडलं, तिच्याच तोंडून मी उचललं, अन् माहं म्हणून इकलं. आवाज बी तिचाच हाये. मी नक्कल करतो."

"मंग बहिणीलेच आण ना!" मागून कोणीतरी ओरडलं. हशा पिकला. आणि सगळ्या माना शेषरावांकडं वळल्या, कारण ती बहीण कोणाची सून हे साऱ्या तालुक्याला ठाऊक झालं होतं.

शेजारच्या खुर्चीवरच्या पाहुण्यानं खोडी काढली, "काय हो शेषराव, खरंच गाते काय तुमची सून?"

शेषरावांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. नाही म्हटलं असतं तर विषय तिथंच संपत होता, आणि महिन्यापूर्वी कुडावरच्या लोकांना ते तसं सांगूनही बसले होते. जानराव माईकची दांडी घट्ट धरून उभा होता. आता हा माणूस दुसऱ्यांदा तिला खोडून टाकणार, असं त्याला वाटलं.

"गाते," शेषराव म्हणाले. "रोज सकाळी गायीचं दूध काढताना म्हणते. मी ओसरीत बसून आयकतो. हा काय गातो! याच्यापक्षा लय चांगलं म्हणते ते."