हळदी-कुंकवाचा रबरी मासा

आमच्या घराण्याला मासा ठाऊक होता तो फक्त राशिभविष्यातला. त्यामुळे कोलोनच्या मुलीशी लग्न झालं आणि तिचे वडील गळ टाकण्यात पट्टीचे निघाले, तेव्हा मी मुकाट्यानं परीक्षेला बसलो. हो, जर्मनीत मासा पकडायलाही परीक्षा असते! सासऱ्यांचं सगळं प्रेम बार्शवर. बार्श म्हणजे इथल्या तळ्यांतला पट्टेवाला शिकारी मासा. जर्मनमध्ये याच शब्दाचा दुसरा अर्थ तिरसट. सासऱ्यांना दोन्ही लागू.

खरा घोळ मात्र वेगळाच होता. लग्नानंतरच्या पहिल्याच जेवणात त्यांनी बिअरचा ग्लास माझ्या ग्लासला टेकवून सांगितलं, "आजपासून मला दू म्हणायचं." दू म्हणजे अरे-तुरे, झी म्हणजे अहो-जाहो. इथे मोठ्या माणसानं दू देऊ करणं म्हणजे घरात घेणं. पण पुण्यात वाढलेली जीभ ती! सासऱ्यांना अरे म्हणतोय हे आईला कळलं असतं, तर तिनं फोनवरूनच कान धरला असता. झी म्हणावं तर ते दुखावणार, दू म्हणावं तर घशात अडकणार. मग मी दोन्ही गाळूनच बोलायला लागलो. "कॉफी हवी का?" "गाडी कुठे लावायची?" ही कसरत बरेच महिने चालली. शेवटी बायको म्हणाली, "पपाला वाटतं, तू त्याला परकाच समजतोस." मला फार वाईट वाटलं. मी देत होतो मान, आणि त्यांना वाटत होतं, दार लावून घेतोय.

त्या शनिवारी सकाळी आम्ही तळ्यावर गेलो. सासऱ्यांनी आमिषांची पेटी उघडली. फिरत्या पात्यांचे स्पिनर, लाकडी वॉब्लर आणि रबरी मासे. रबरी माशांत इतके रंग की लक्ष्मी रोडवर साडी घेतानाही एवढी पंचाईत होत नाही. मी पिवळाधमक, लाल शेपटीचा उचलला. चक्क हळदी-कुंकू! आता हे गुरगुरणार, असं मनात म्हणतोय तोच ते म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर. पाणी गढूळ, रंग भडक." आदल्या दिवशी पाऊस झाला होता, हे माझ्या गावीही नव्हतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, पण मी जाणकारासारखी मान डोलावली.

तंत्रात मात्र लगेच उघडा पडलो. गळ पाण्यात पडला रे पडला की मी रीळ गरागरा फिरवायचो.

"लांगझाम! सावकाश!" सासरे खेकसले. "आधी तळाला टेकू दे. दोन फेरे घे, थांब. परत दोन फेरे, थांब. बार्श बहुतेक वेळा थांबलेल्या आमिषावरच झडप घालतो."

थांबणं ही आमच्या खानदानात कुणाला न जमलेली गोष्ट. तरी दात-ओठ खाऊन थांबत राहिलो. सासरे मागे थर्मासमधून कॉफी ओतून घेत होते. अचानक काठीला टणकन झटका बसला, टोक वाकलं, रीळ किंचाळायला लागलं आणि माझं डोकंच बंद पडलं.

"दू! जाळी! अरे जाळी आण ना, बघतोस काय!"

जर्मन, मराठी, सगळं एकाच दमात. कॉफी गवतावर सांडली, सासरे जाळी घेऊन धावले. मासा वर आला. हिरवट अंगावर काळे पट्टे, खालचे पर लालभडक, तोंडात हळदी-कुंकू. मी हरखून बघत होतो. सासरे मात्र माझ्याकडे बघत होते.

मी घाईघाईनं सावरायला गेलो. "सॉरी, म्हणजे... झी..."

"नाइन! नाही!" ते ओरडले. मग जरा हळू म्हणाले, "आधीचं बरोबर होतं."

घरी बायकोनं दारातच विचारलं, "केवढा मिळाला?"

या प्रश्नावर गळवाल्या माणसाचे हात आपोआप पसरतात, आणि खऱ्यापेक्षा जरा जास्तच. सासऱ्यांचे हात खिशातच राहिले.

"मला दू म्हणाला तो," एवढंच सांगून ते बूट काढायला वाकले.