उपवासाला चालणारी गोळी

सुमनताई माझ्या समोरच्या खुर्चीत बसल्या होत्या आणि त्यांना फक्त पित्ताची गोळी हवी होती.

"तेवढी द्या अन् सोडा मला, बाई," त्या म्हणाल्या. "घरी दिवा हाय."

ओपीडी संपत आली होती. सकाळपासून सर्दी, ताप, गरब्यात मुरगळलेले पाय असं सगळं बघून माझी पाठ धरली होती. पित्ताची गोळी लिहून दिली असती तर मी पंधरा मिनिटांत घरी जेवायला बसले असते. हे आधीच सांगून ठेवते, कारण डॉक्टरचे निर्णय फार शांत डोक्याने होतात असा तुमचा समज असेल. बऱ्याचदा ते भुकेल्या पोटी होतात.

रेवा, गेल्या आठवड्यात तू फोनवर विचारलंस, की तुझ्या रूममेटला रात्री छातीत कसंतरी झालं, तर हॉस्पिटलला जायचं की सकाळपर्यंत थांबायचं, हे ओळखायचं कसं? ईशाननेही मागून ओरडून "हो आजी, सांग" म्हटलं. मी दोन वाक्यांत उत्तर दिलं, पण ते अपुरं होतं. पुरं उत्तर म्हणजे ही गेल्या वर्षीच्या नवरात्रातली गोष्ट. तुमचं मराठी वाचन आता अडखळतं, म्हणून सोपं लिहिते.

सुमनताई पळश्याच्या. आमच्या नाशिक रोडपासून पुण्याच्या रस्त्याने थोडं पुढे गेलं की त्यांचं शेत लागतं. झेंडूचं. वय साठीच्या पुढे, बीपी आणि शुगर दोन्ही, आणि माझ्याकडे कित्येक वर्षं येणाऱ्या. त्या दिवशी आठवी माळ होती. परवा दसरा, म्हणजे झेंडूवाल्यांचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. त्यांचा मुलगा संदीप शेतातून तसाच आला होता, हात हिरवे, आणि सारखा मोबाईल बघत होता.

तक्रार विचारली तर तीही संदीपनेच सांगितली. दोन दिवस आईला जळजळतंय, ढेकर येतात, चालताना दम लागतो. नऊ दिवसांचा कडक उपवास, त्यात साबुदाणा आणि शेंगदाणे. "पित्तच असणार मॅडम. दरसाल होतं."

आमच्याकडे नवरात्रात छातीत काहीही झालं तरी ते पित्तच असतं. घरचे आधी थंड दूध देतात, मग आवळा, मग इनो. डॉक्टरचा नंबर त्यानंतर. आणि खरं सांगायचं तर दहातल्या बहुतेकांना पित्तच झालेलं असतं. अडचण तीच आहे.

मी संदीपला थांबवलं आणि त्यांना विचारलं, "सुमनताई, दुखतं कुठे? हात लावून दाखवा."

त्यांनी बोट नाही लावलं. अख्खा पंजा छातीवर ठेवला. "दुखत नाय. दाटून आल्यावानी होतं. भरून येतं."

हे लक्षात ठेवा. दोनच दिवस आधी एक कॉलेजचा मुलगा आला होता. त्याच्या मनगटावरच्या घड्याळाने त्याला सांगितलं होतं की तुझे ठोके वाढलेत. त्याने छातीवर एका बोटाने नेमकी जागा दाखवली होती. तिथे मी दाबलं तर तो कळवळला. तो स्नायू होता, रोज गरबा खेळून आखडलेला. तरीही मला शंभर टक्के खात्री वाटेना, म्हणून मी त्याला शहरातल्या हॉस्पिटलला पाठवलं आणि तिथून तो हसत परत आला. हृदयाचं दुखणं सहसा बोटाने दाखवता येत नाही. ते पसरट असतं. कधी जबड्यात जातं, कधी हातात, कधी पाठीत. आणि बायकांमध्ये, त्यातही शुगर असलेल्यांमध्ये, ते कित्येकदा दुखणं म्हणून येतच नाही. दम लागतो, घाम येतो, गळून जायला होतं. बस.

"हे जेवल्यावर होतं की चालल्यावर?" मी विचारलं.

"जेवते कुठं मी? चालल्यावर होतं. बसलं की जातं."

पित्ताला तुम्ही चालताय की बसलाय याच्याशी काही देणंघेणं नसतं. हृदयाला असतं. चालताना त्याला जास्त रक्त लागतं आणि नस अरुंद झाली असेल तर ते पोचत नाही. मी विचारलं, की गेल्या महिन्यात फुलांच्या जड जाळ्या, म्हणजे क्रेट, कोण उचलत होतं? त्या म्हणाल्या, मीच. आणि काल? काल देवापुढे माळ बांधायला हात वर केले तरी दम लागला. मग मला आठवलं. क्लिनिकच्या पायऱ्या चढताना त्या मधल्या पायरीवर बसल्या होत्या. मला खिडकीतून दिसलं होतं. मला वाटलं, नवरात्रात त्या अनवाणी असतात, पायात काही रुतलं असेल.

ईसीजी काढला. ईसीजी म्हणजे हृदयातल्या विजेचा कागदावर उतरलेला आलेख. तो नॉर्मल आला. बोटाला लावायच्या चिमट्याने ऑक्सिजन पाहिला, तोही ठीक. फक्त बीपी बरंच वर होतं. संदीपने सुटकेचा निःश्वास टाकला आणि खिशातून बाईकची किल्ली काढली.

"बीपीची गोळी घेतली आज?" मी विचारलं.

"नाय."

"काल?"

"घट बसल्यापास्नं कुठलीच नाय घेतली."

"का?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच वेंधळी आहे. "तुम्हीच सांगितलंय ना बाई, जेवणानंतर घ्यायची. जेवण कुठंय?"

त्यांनी माझं सांगणं तंतोतंत पाळलं होतं. त्या गोळ्यांमध्ये एक अशी होती जी हृदयाचा वेग आवरून धरते. ती एकदम बंद केली की हृदय लगाम सुटल्यासारखं पळायला लागतं, आणि नस आधीच अरुंद असेल तर ते पळणं महागात पडतं. आता माझ्या डोक्यातलं चित्र बदललं. ईसीजी हा त्या एका मिनिटाचा फोटो असतो. त्या मिनिटाला हृदय शांत होतं, एवढंच तो सांगतो. जी बाई महिन्यापूर्वी जाळ्या उचलत होती आणि आज हात वर करताना धापते, तिची गोष्ट त्या कागदावर नसते.

मी शहरातल्या हॉस्पिटलला फोन लावला. तिथला हृदयाचा डॉक्टर तरुण आहे. लहानपणी त्याच्या कांजिण्या मीच बघितल्या होत्या, त्यामुळे मी त्याला अरे-तुरे करते आणि तो मला मनसोक्त टोमणे मारतो.

"ईसीजी नॉर्मल, ऑक्सिजन नॉर्मल, मग पाठवताय कशाला? मॅडम, परवा तुम्ही मला गरबा पाठवलात. आज उपवास पाठवताय?"

"हो. आणि परवा दसराही पाठवेन. बेड ठेव."

फोन ठेवला तेव्हा मला खात्री होती असं समजू नका. नव्हती. परत चुकले तर तो पुढची दहा वर्षं ऐकवणार, हेही मनात येऊन गेलं. या वयात खात्री फार कमी वेळा होते. घरी पाठवलं आणि चुकले तर काय, आणि पुढे पाठवलं आणि चुकले तर काय, एवढीच तुलना करायची असते. एकीकडे टोमणा होता. दुसरीकडे सुमनताई होत्या.

पण त्या तयार होईनात. ऊन नाही, इंजेक्शनची भीती नाही, अडचण दिव्याची होती. नवरात्रात घटाजवळ अखंड दिवा लावतात, नऊ दिवस तो विझू द्यायचा नाही. त्यांच्या घरी तो सुमनताईंच्या सासूपासून कधी विझलेला नव्हता. सून बघेल म्हटलं तर सुनेला पाळी आलेली, ती त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणे देवाजवळ जाणार नाही.

"मी बघतो ना," संदीप म्हणाला.

"तू? चुलीवर दूध उतू गेलेलं दिसत नाय तुला. दिव्यात तेल सरलेलं दिसंल?"

मी हसले. त्याही हसल्या. मग, माझं समाधान करून निघून जायचं म्हणून, त्या खुर्चीचा हात धरून उठल्या. उभ्या राहिल्या आणि परत खाली बसल्या. कपाळावर घाम आला होता. पंखा डोक्यावर फुल होता. संदीपच्या हातातली किल्ली तशीच राहिली.

"आई, चल," तो म्हणाला. तोपर्यंत तो "मॅडम, मॅडम" करत होता. आता त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

त्याला फुलांची पिकअप गाडी आणून तिच्यातून आईला न्यायचं होतं. फुलं उतरवतो आणि दहा मिनिटांत नेतो, म्हणाला. मी नाही म्हटलं. नाशिक रोडवरून शहरात शिरायचं तर मध्ये द्वारकाचा चौक आहे. तिथे पिकअप अडकली आणि हृदय थांबलं तर संदीप काय करणार, हॉर्न वाजवणार? अँब्युलन्सही अडकते, पण तिच्यात ऑक्सिजन असतो, हृदयाला शॉक द्यायचं यंत्र असतं आणि ते चालवणारा माणूस असतो. अँब्युलन्स ही वेगासाठी नसते, वाटेसाठी असते.

ती येईपर्यंत मी त्यांना ॲस्पिरिनची गोळी चावायला दिली. रक्ताची गाठ वाढू नये म्हणून देतात ती. ॲलर्जी नाही, अल्सर नाही, हे माझ्या माहितीत होतं. तुम्ही कोणाला अशी न विचारता देऊ नका.

सुमनताईंनी गोळी तळहातावर घेऊन उलटीपालटी केली. "ही चालंल का उपवासाला?"

"चालते," मी म्हटलं.

मग त्यांनी ती चावली. तोंड वाकडं केलं आणि डोळे मिटून बसून राहिल्या. अँब्युलन्स आल्यावर त्यांना पायऱ्यांवरून खुर्चीत बसवूनच खाली नेलं. जाताना त्या एकदाच बोलल्या, ते संदीपशी. तेल कपाटात खालच्या फळीवर आहे.

मी घरी आले. जेवण गार झालं होतं, ते तसंच खाल्लं. आजोबांनी विचारलं, काय झालं, तर म्हटलं, बहुतेक पित्त. मला खरंच तसं वाटायला लागलं होतं. थकल्यावर आपल्याच निर्णयाचा कंटाळा येतो.

संध्याकाळी हृदयाच्या त्या तरुण डॉक्टरचा फोन आला. त्याने नमस्कार वगैरे काही केला नाही.

"मॅडम, तो उपवास नव्हता."

हृदयाच्या स्नायूला इजा झाली की एक द्रव्य रक्तात उतरतं. ते मोजतात. पहिल्या तपासणीत ते थोडं होतं, दुसऱ्या वेळी बरंच वाढलेलं होतं, आणि मधल्या वेळात ईसीजीही बदलला होता. मुख्य नस जवळजवळ बंद होती. त्यांनी मनगटातून तार घालून नस उघडली आणि आत स्टेंट बसवला. स्टेंट म्हणजे जाळीची बारीक नळी. त्या घरी असत्या तर, असं काहीतरी तो बोलायला लागला. मी म्हटलं, राहू दे, मला कळतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेले. वॉर्डबाहेर संदीपने मला बाजूला घेतलं. त्या दुपारी सगळं घर हॉस्पिटलला धावलं होतं, सून, चुलते, शेजारची दोन माणसं. आमच्याकडे एक आजारी पडला की दहा जण सोबत जातात आणि घरी कोणी राहत नाही. दिवा विझला होता. त्याने रात्री परत लावला. "आईला सांगू नका," तो म्हणाला.

आत गेले. सुमनताई उशीला टेकून बसल्या होत्या, रंग बरा होता.

"दिवा गेला असंल," त्या म्हणाल्या.

"कोणी सांगितलं?"

"कोणी नाय. संदीप दोन दिवस लय गोड बोलतोय."

मी त्यांची नाडी बघायला घेतली. खोटं बोलायची ताकद नव्हती आणि खरं सांगायची गरज नव्हती.

"जाऊ द्या, बाई," त्या म्हणाल्या. "दोघांतलं एक राहिलं. बास झालं."

तर मुलांनो, पुरं उत्तर असं आहे. दुखणं किती आहे यापेक्षा माणूस काय करायचा थांबला आहे ते बघा. काल जिना चढणारा आज मध्येच बसत असेल, पूर्ण वाक्य बोलताना श्वास तुटत असेल, गार घाम फुटला असेल, छातीतला दाब हातात किंवा जबड्यात जात असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर सकाळची वाट बघू नका. यातलं एकच असलं तरी थांबू नका. आणि मला फोन करू नका. अँब्युलन्सला करा. मला नंतर करा, ते काही नव्हतं म्हणून सांगायला. असे फोन मला आवडतात.

माझ्यापुरतं म्हणाल तर मी आता कोणालाही नुसतं "जेवणानंतर" सांगत नाही. यंदा घट बसायच्या आधी सुमनताई आल्या, चढताना न थांबता. मी त्यांना सांगितलं की आता उपवास करायचा नाही. ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. फळं आणि दूध घेईन, म्हणाल्या. पंधरा मिनिटं वाद घालून मी दमले. मग त्यांनी पिशवीतून गोळ्यांची सगळी पाकिटं काढून टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

मी जाड मार्कर घेतला आणि प्रत्येक पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'उपवासाला चालते'.

औषधांच्या कुठल्याही पुस्तकात ही सूचना सापडणार नाही. पण नऊच्या नऊ दिवस त्यांनी एकही गोळी चुकवली नाही.