पडद्यावरची पाटी थांबत नाही

मागच्या महिन्यात आमच्या विहारात सिनेमा दाखवला. पोंभुर्ण्याहून शाळेतल्या बाईंनी प्रोजेक्टर आणला होता, भर दुपारी. खिडक्यांना चादरी बांधल्या तरी फटींतून ऊन यायचं ते आलंच. गोष्ट रचलेली होती, पण छान. शंभर वर्षांपूर्वी काही माणसं मुका सिनेमा बनवतात. एक जण कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवतो, अन् कामाला बाई मिळत नाही म्हणून गावातला शिंपी मिशी काढून राणी होतो. मिशी निघताना आम्ही बाया किती हसलो म्हणून सांगू!

मग त्यांनी बनवलेला मुका सिनेमा सुरू झाला. राणी नुसतं तोंड हलवते, आवाज नाही. तिचं बोलणं मागाहून काळ्या पाटीवर लिहून येतं.

"वाच ना वं, काय म्हंते ते," बाजूला बसलेली माझी थोरली जाऊ म्हणाली.

मलाच सांगणार ना! मी शाळेत गेले नाही. लेकरांच्या पुस्तकांवरून, दुकानांच्या पाट्यांवरून अक्षरं उचलली. तरी वर्षावासात, पावसाळ्याचे तीन महिने, विहारात ग्रंथ मीच वाचते. कोणाला ठाऊक नव्हतं ते एवढंच, की उद्याचं पान मी आज दुपारी घरी चार वेळा घोकून ठेवते. ग्रंथ थांबतो हो. ही पाटी थांबेना. दोन शब्द जुळवले की गेली.

मग मी मनानेच सांगायला लागले. राणी रडली की "मले माहेरी धाडा", राजाने बोट दाखवलं की "निघ इथून". बाया डोळे पुसत होत्या. मला जरा मजाच वाटली, खोटं कशाला सांगू? पुढे राजा पडला, तो मेला म्हणून मी सांगून टाकलं. अन् लगेच घोड्यावर बसून हजर!

"काऊन वं, मेला होता ना तो?" जाऊने विचारलं.

"दुसरा राजा असंल."

"त्याचीच पगडी घालून?"

सगळ्या हसल्या. जाऊ हसली नाही. तिने कमरेच्या पिशवीतून दवाखान्याचं पाकीट काढलं, बीपीच्या गोळ्यांचं. कंपाउंडरने त्यावर लिहिलेलं मीच तिला वाचून दिलं होतं. कोणाला ऐकू जाणार नाही असं तिने विचारलं, "मंग हे बी असंच वाचलं होतं का तू?"

माझ्या शब्दावर ती रोज गोळी गिळत होती. मी उठून शाळेतल्या बाईंना म्हणाले, "थांबवा बाई. मले इतक्या लवकर वाचता येत नाई. मी मनानंच सांगून राह्यली होती."

सिनेमा थांबला. मी दाराच्या उजेडात गेले अन् पाकिटावर बोट ठेवून सगळ्यांसमोर अडखळत वाचलं, "सकाळी. जेवल्यावर. एक." जाऊ माझ्या बोटाकडेच बघत होती. परत वाचलं. तेच निघालं. तरी जाऊने पाकीट शाळेतल्या बाईंपुढे धरलं. त्यांनीही तेच वाचलं. मला लागलं, पण चुकलं काय तिचं?

"आता राणीचं वाच," ती म्हणाली. "अन् सावकाश. आमी कुठी पळून नाई चाल्लो."

बाईंनी सिनेमा मागे नेला, अन् दर पाटीला थांबवला. चौथ्या पाटीवर जाऊने मला गप्प केलं. उठून पडद्यापाशी गेली, एका अक्षरावर बोट टेकवलं.

"हे 'सकाळी'तलं 'स' हाय ना?"

होतं.