शिळं पाणी आणि लाल पागोटं

माशांच्या दुकानात किस्से कसे साचतात, तर काचेवर शेवाळ साचतं तसे. आज घासून काढलं की पुढच्या आठवड्यात परत आहेच. आमचं दुकान शहागंजात. मालक रशीदभाई. मी आधी त्यांच्याकडं नोकर होतो, मग भागीदार झालो आणि आता गिऱ्हाइकं मला सरळ 'डॉक्टर' म्हणतात. मी पिशोरचा, मेंढरं राखणाऱ्याचा पोरगा. बी.कॉम. सुद्धा धड झालं नाही. आमच्या वस्तीत निघालेला पहिला डॉक्टर मी, तोही माशांचा. लोक आजारी मासा घेऊन येतात, मी गंभीर तोंड करून काचेतून बघतो आणि मनात म्हणतो, बाबा, तुला झालंय तरी काय?

आता सांगतो ते सगळं दुष्काळातलं आहे. नळाला कधी आठवड्यानं पाणी, कधी त्याहून उशिरा. चारी बाजूंनी नव्या बिल्डिंगी उठत होत्या आणि त्यांच्या दारात टँकर उभे. अशा दिवसांत आम्ही काचेच्या टाक्यांत मासे पोहवत होतो.

*

त्या उन्हाळ्यात एक अजब साथ आली. आज सिडकोतले मासे मेले, उद्या हडकोतले, परवा गारखेड्यातले. एका दिवशी एकच भाग. मी औषधं देऊन थकलो. साथ काय रिक्षा करून फिरते? रशीदभाईंचं निदान तयार होतं, "नजर लगी है शहर कू."

मग सिडकोतल्या एक काकू स्टीलच्या डब्यात मेलेला गोल्डफिश घेऊन आल्या. विचारलं, काल काय केलं होतं?

"काही नाही हो, उलट कौतुकच केलं. काल नळ आला. शिळं पाणी सगळं ओतून दिलं. पहिली कळशी देवाला, दुसरी माशांना."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नळाच्या ताज्या पाण्यात औषध असतं, आपल्याला चालतं, माशाचे कल्ले जळतात. ते एक दिवस उघडं ठेवून मगच टाकीत घालायचं. म्हणजे ज्या भागात नळ आला, त्या भागातले मासे मेले. मी म्हणालो, काकू, माशाला शिळंच पाणी लागतं.

काकू दुखावल्या. "आमच्याकडं पाहुण्यालासुद्धा कुणी शिळं पाणी देत नाही. आणि ह्या बिचाऱ्यानं तर कधी तोंड उघडून मागितलंसुद्धा नाही."

मी पाटी लावली, 'माशांना ताजं पाणी देऊ नये'. फरक शून्य. पण एका गृहस्थांचा मात्र रोज सकाळी फोन यायला लागला. "डॉक्टर, आज कुठले मेले?" मला वाटलं, केवढा कळवळा. एके दिवशी म्हणालो, गारखेड्याचे.

"बरं झालं. म्हणजे उद्या आमचा नंबर. हंडे घासून ठेवतो."

त्यांच्याकडं मासे नव्हतेच.

*

रशीदभाईंना माशांतलं काय कळतं, हे मला इतक्या वर्षांत कळलं नाही. पंख गळाले, "नमक डालो." अंगावर पांढरे ठिपके आले, "नमक डालो." गिऱ्हाइकाची बायको रुसली तरी ते बहुतेक हेच सांगतील. गंमत म्हणजे खडे मिठानं बरेच मासे बरे होतात, त्यामुळं मला बोलायची सोय नाही.

एका नव्या सुनेनं फोनवर विचारलं, "मीठ किती टाकू?"

रशीदभाई म्हणाले, "अंदाज से डालो ना."

तिनं अंदाजानं टाकलं आणि संध्याकाळी परत फोन केला. "चव बघितली. अजून थोडं लागेल का?"

*

एक शिंदेसाहेब होते. नवा फ्लॅट घेतला आणि वास्तूसाठी चांगला म्हणून फ्लॉवरहॉर्न नेला, तो डोक्यावर टेंगूळ असलेला मोठा मासा. मी जीव तोडून निवडून दिला होता. महिन्याभरात तो मेला. साहेब दुकानात आले तेव्हा मी भांडणाच्या तयारीत. तर त्यांनी पेढे काढले.

"माझ्या गाडीला अपघात झाला. मला खरचटलंसुद्धा नाही. घरी येऊन बघतो तर मासा गेलेला. माझ्यावरचं त्यानं स्वतःवर घेतलं."

मी पेढा तोंडात धरून उभा. आनंद मानावा का दुःख, कळेना. साहेब टाक्यांवरून नजर फिरवत म्हणाले, "आता दुसरा द्या. मागच्यापेक्षा जरा नाजूक असला तर बरं."

*

त्याच उन्हाळ्यात मी आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, पिशोरहून शहरात आणलं. आई आधीच गेलेली. चारा नाही, पाणी नाही, म्हणून आबांनी सगळी मेंढरं कन्नडच्या बाजारात विकली आणि त्या दिवसापासून त्यांचं बोलणंच बंद झालं. जेवण चार घास. बाकी वेळ भिंतीकडं तोंड करून पडून राहायचं. दवाखान्यात दाखवलं, तिथं म्हणाले काही नाही. मला लई भीती वाटत होती. मेंढरू असं पडायला लागलं की पुढं काय होतं, हे मी लहानपणापासून बघितलेलं. मला दुसरं काही नको होतं, माणूस बोलावा आणि पोटभर जेवावा, बस.

घरी एकटं कसं ठेवायचं म्हणून दुकानात आणून बाकावर बसवलं. डोक्याला लाल पागोटं, हातात काठी. दोन-तीन दिवस नुसते बसून राहिले. मग एकदम बोलले.

"हे दूध देतंय का?"

"नाय, आबा."

"खातेत का ह्यांला?"

"हे नाय खात."

"मग?"

"बघायचं."

आबांनी सगळ्या टाक्यांवरून नजर फिरवली. "बघायलाच? तिकडं पिशोरात बाया टँकरमागं पळतेत आन् तू हितं बघाय बसला व्हय?"

बोलणी खाऊन इतका आनंद मला कधीच झाला नव्हता. माणूस बोलला तर!

*

आमच्याकडं एक ओरांडा होता, म्हणजे जाड्या गोल्डफिशची एक जात. अंग पांढरंशुभ्र आणि डोक्यावर लाल टोपी. आबा त्याच्यासमोर थांबले आणि म्हणाले, "ह्याला पागोटं कुणी बांधलं?" तेव्हापासून त्याचं नावच पागोटं पडलं.

आणि नेमकं पागोटंच आजारी पडलं. पोट फुगून उलटं तरंगायला लागलं. ह्या जातीला हा त्रास होतो. मी त्याला वेगळ्या टाकीत ठेवलं, खाणं बंद केलं आणि सांगितलं, कुणीही काहीही टाकायचं नाही. आबा म्हणाले, "मेंढरू फुगलं की बसू द्यायचं नसतं, चालवायचं असतं." आणि ते काचेवर बोट टेकवून टाकीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू न्यायला लागले. ते येडं उलट्याचं सुलटं व्हायची धडपड करत बोटामागं जायचं. दिवसभर हेच चाललेलं. आबांचा डबा पहिल्यांदा रिकामा होऊन घरी गेला.

आठवड्याभरात मासा सरळ पोहायला लागला. मी म्हणालो, बघा, उपाशी ठेवल्याचा गुण. रशीदभाई म्हणाले, "मैं रोज चुपके से नमक डालता था, मियाँ." आबा म्हणाले, "चालवल्यानं झालं. आन् उपाशी कुठं व्हतं? मी भाकरी चारीत व्हतो की."

मासा कशानं बरा झाला म्हणून अजून कुणी विचारलं तर मी विषय बदलतो.

*

आमच्यात नवसाचं जनावर देवाच्या नावानं सोडतात. ते विकायचं नाही, कापायचं नाही. एका दुपारी मी दुकानात आलो तर पागोट्याची टाकी पिवळीजर्द. आबांनी बिरोबाचं नाव घेऊन मूठभर भंडारा आत टाकलेला.

"आबा, हे काय केलं?"

"बरं झालं की देवाला सोडीन म्हणलो व्हतो. आता हे देवाचं. इकायचं नाय."

हळदीनं गुदमरून मासा वर येऊन तोंड उघडझाप करत होता. टाकीचं पाणी बदलायला दुकानात शिळं पाणी नाही, टँकरचा पत्ता नाही. शेवटी पिण्याचा माठ टाकीत रिकामा केला. पागोटं वाचलं आणि आम्ही तिघांनी चहावर तहान भागवली.

खरा घोळ पुढंच होता. तो मासा एका बिल्डरनं त्याच्या नव्या बिल्डिंगच्या दर्शनी टाकीसाठी आधीच सांगून ठेवला होता. त्याचा माणूस न्यायला आला तर आबा काठी आडवी धरून उभे. मी रशीदभाईंकडं बघितलं. म्हटलं, आता हे चिडणार.

रशीदभाई त्या माणसाला शांतपणे म्हणाले, "नक्को भाई. इसका सौदा ऊपर हो गया."

*

पाऊस झाला आणि आबांनी गाठोडं बांधलं. मी म्हणालो, तिथं आता कोण आहे तुमचं? आई नाही, मेंढरं नाहीत, परत भिंतीकडं तोंड करून पडाल. हे मी रागानं बोललो. आबा म्हणाले, "हिरीला पाणी लागलं आसंल." एवढंच. आणि पागोटंही घेऊन निघाले. देवाचं जनावर परक्या घरात कसं ठेवायचं?

रशीदभाईंनी पिशवीत पाणी भरलं, हवा भरली, गाठ मारली आणि आबांच्या खिशात मिठाची पुडी कोंबली. एसटीत आबा पिशवी मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरनं विचारलं, "बाबा, पिशवीत काय?"

"देव हाये. डायवरला म्हणावं हळू घे, पाणी हिंदकळतंय."

कंडक्टर घोटाळला. देवाचं तिकीट असतं का नाही ते त्याला आठवेना. त्यानं फक्त आबांचं फाडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गावाहून चुलतभावाचा फोन. गजानन नाव त्याचं. चिडलेला. "तुझ्या बापानं हिरीत दोरीनं पिशवी सोडलीय आन् सकाळधरनं कुणाला पाणी भरू देईना. बाया हंडे घिऊन उभ्या हायेत. इचारलं तर म्हणतो, डॉक्टरनं सांगितलंय."

मला आधी काही कळेना. मग आठवलं. मासा नेणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी तीच टकळी लावतो, की मासा एकदम नव्या पाण्यात सोडू नका. पिशवी अर्धा तास टाकीत तरंगत ठेवा, तिकडचं पाणी थोडं थोडं पिशवीत घाला, पाण्याची ओळख होऊ द्या, मग सोडा. आबा बाकावर बसून दिवसभर हे ऐकत होते.

मी म्हणालो, "गजा, त्यांना सांग, अर्धा तास झाला की बास."

गजानननं तिकडं ओरडून विचारलं आणि परत फोनवर आला. "त्यो म्हणतो, अर्धा तास टाकीला. हीर मोठी हाये, हिला दिस मावळंल."

*

दिवाळीत मी पिशोरला गेलो. बसमध्ये मनात नको नको ते येत होतं. ही जात शहरात चार औषधं देऊन जगत नाही, विहिरीत कासवं असतात, पाणसाप असतो. पागोटं गेलं असेल तर आबांचं काय?

घर उघडं, आत कुणी नाही. भिंतीकडची वाकळ घडी घालून ठेवलेली. तसाच विहिरीवर गेलो. आबा कठड्यावर बोट टेकवून विहिरीभोवती हळूहळू चालत होते. अंगावर जरा मांस चढलेलं.

"आबा, काय करताय?"

"चालवतोय त्याला."

मी वाकून बघितलं. पाणी बरंच वर आलेलं, हिरवंगार. लाल नाही, पांढरं नाही, एक बुडबुडासुद्धा नाही. आबा माझ्या तोंडाकडं बघत होते.

"दिसतंय का?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "व्हय. दिसतंय की."

"खोटं कशाला बोलतो? मला बी नाय दिसत. सोडल्या दिसापासून नाय दिसलं."

"मग आबा, रोज कशाला चालवता?"

आबांनी बोट पुढं सरकवलं. "तूच म्हणला व्हतास की. बघायचं." दोन पावलं चालले आणि मागं वळून खेकसले, "सरक तिकडं. तुझी सावली पडतीया पाण्यावर."